बांगड्याचें कालवण आणि गळ्यांतील ग्रंथि

हॉर्मोन हा शब्द आतां डॉक्टरांच्या दवाखान्यांतून निघून घरोघरच्या माजघरांत येऊन बसला आहे. मुलीला दिवसभर मरगळ वाटते, सुनेचे केंस गळतात, पन्नाशीच्या गृहिणीचें वजन विशेष कांहीं न खातां वाढतें. या सर्वांचें कारण "हॉर्मोन बिघडले" एवढ्या दोन शब्दांत सांगून मोकळें होण्याची रीत पडली आहे. रोगाचें नांव स्वस्त झालें कीं त्यावरचें औषधहि स्वस्त होतें. अमुक बी भिजवून खा, तमुक तेलाचा चमचा घ्या, म्हणजे बिघडलेला तोल आपोआप सांवरेल, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. या औषधांच्या यादींत समुद्राच्या मासळीचेंहि नांव असतें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. म्हणून तासाभरांत होणारें एक साधें रात्रीचें जेवण समोर ठेवून, त्यांतून शरीरांतील या ग्रंथींना काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, याचा हिशेब मांडून पाहणें बरें. जेवण म्हणजे तिरफळ घातलेलें बांगड्याचें कालवण, भात, एक पालेभाजी आणि हवी तर सोलकढी.

प्रथम त्या शब्दाविषयीं. १९०२ सालीं लंडन येथें बेलिस आणि स्टार्लिंग या दोघां शरीरशास्त्रज्ञांना असें दिसून आलें कीं, आंतड्याच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत उतरतें आणि तें रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत जाऊन त्याला पाचक रस सोडावयास लावतें. मज्जातंतूंच्या तारेवांचून पोंचणारा हा निरोप होता. अशा निरोप्या द्रव्यांना स्टार्लिंगनें १९०५ सालीं हॉर्मोन हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ चालना देणारें असा होतो. मराठींतील संप्रेरक हा शब्द त्याच अर्थाचा आहे. अशीं अनेक संप्रेरकें शरीरांत असतात. त्यांच्या ग्रंथि वेगळ्या, कामें वेगळीं, आणि बिघाडाचीं कारणेंहि वेगळीं. तेव्हां सर्व संप्रेरकांचा तोल एकाच पदार्थानें सांवरतो, असें म्हणणें म्हणजे घरांतलीं सगळीं कुलुपें एकाच किल्लीनें उघडतात असें म्हणण्यासारखें आहे. अन्न एवढेंच करूं शकतें कीं, ज्या ग्रंथीला जो कच्चा माल लागतो तो वेळच्या वेळीं पोंचवितें. समुद्राच्या मासळीपुरतें बोलावयाचें तर तो माल मुख्यत्वें गळ्यांतील एका ग्रंथीसाठीं आहे.

ही ग्रंथि म्हणजे थायरॉईड. कंठाच्या पुढील बाजूस, श्वासनळीला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी ती बसलेली असते. तिचें वजन प्रौढ माणसांत तोळा-दीड तोळ्यापेक्षां अधिक नसतें, पण शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशीनें किती वेगानें काम करावयाचें हें तिच्या स्रावावर अवलंबून असतें. तो कमी पडला कीं थंडी अधिक वाजते, त्वचा कोरडी पडते, पोट साफ होत नाहीं, आवाज घोगरा होतो, विचारहि संथ चालतात; जास्त झाला कीं छाती धडधडते, हात कांपतात, भरपूर जेवूनहि माणूस वाळत जातो. या स्रावांतील मुख्य द्रव्य थायरॉक्सीन. त्याच्या एकेका रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात. आयोडीन शरीराला स्वतः तयार करतां येत नाहीं. तें बाहेरूनच आलें पाहिजे.

आणि तें मूळचें समुद्राचें आहे. १८११ सालीं फ्रान्समध्यें बर्नार कूर्त्वा हा गृहस्थ नेपोलियनच्या लढायांना लागणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठीं सोरा तयार करीत असे. त्या कामीं तो समुद्रांतील शेवाळाची राख वापरी. एकदां त्या राखेच्या भांड्यांत आम्ल प्रमाणाबाहेर पडलें, आणि जांभळ्या रंगाची वाफ उठून भांड्याच्या कडेला तिचे स्फटिक जमले. तेंच आयोडीन. पुढें १८२० सालीं जिनीव्हाच्या क्वांदे नांवाच्या वैद्यानें गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन देऊन पाहिलें. १८९५ सालीं जर्मनींत बाउमान यानें तें थायरॉईड ग्रंथींतच असल्याचें दाखविलें. आणि १९१४ च्या नाताळांत अमेरिकेंत केंडॉल यानें थायरॉक्सीनचे शुद्ध स्फटिक मिळविले. राखेच्या भांड्यापासून रोग्याच्या कंठापर्यंत हा शोध पोंचावयास शंभर वर्षें लागलीं.

हिंदुस्थानांत या गोष्टीचा पुरावा हिमालयाच्या पायथ्याशीं मिळाला. पावसानें आणि वितळत्या बर्फानें तेथील जमिनींतील आयोडीन युगानुयुगें धुवून नेलेलें, त्यामुळें धान्यांत तें नाहीं व पाण्यांतहि नाहीं. १९५६ सालीं कांगडा खोऱ्यांत डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं लोकवस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एकास साधें मीठ पुरविलें. थोड्याच वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंड झपाट्यानें कमी झाला. साधें मीठ खाणाऱ्या भागांत मात्र विशेष फरक पडला नाहीं. त्यानंतर त्या भागालाहि आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें. या प्रयोगाच्या आधारावर १९६२ सालीं सरकारनें गलगंड-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू केली.

यावरून कोंकणांतील किंवा मुंबईंतील माणूस असा तर्क करतो कीं, गलगंड ही डोंगराळ मुलखाची व्याधि आहे, समुद्रकांठीं राहणाराला तिची काळजी नको. हा तर्क खरा नाहीं. पाहणींत देशांतील एकहि राज्य या न्यूनतेपासून पूर्णपणें मुक्त आढळलें नाहीं. समुद्राची हवा अंगावर घेतल्यानें आयोडीनची गरज भागत नाहीं. त्याहून आश्चर्याची गोष्ट मिठाची आहे. मिठागरांतील खडेमीठ समुद्राच्याच पाण्याचें. पण त्यांत आयोडीन नांवापुरतेंच उरतें. तेव्हां "आम्ही निर्मळ समुद्राचें मीठ खातों" असा अभिमान बाळगून जीं कुटुंबें आयोडीनयुक्त मीठ टाळतात, तीं गरज असलेलीच वस्तु दूर सारतात. खडेमीठ लोणच्याला घालावें, रोजच्या पानाला नको. समुद्रांतील आयोडीन गोळा करून ठेवण्याचें काम मीठ करीत नाहीं, पण शेवाळ, शिंपल्यांतले जीव आणि मासे करतात.

आतां थोडें अंकगणित. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. सत्तर वर्षांची बेरीज केली तरी चार ग्रॅम भरत नाहीं. घरांत येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठाच्या किलोमध्यें निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावें असा दंडक आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठांत १५० मायक्रोग्रॅम. पण रक्तदाबाच्या भीतीनें डॉक्टर मंडळी दिवसाला ५ ग्रॅमच्या आंत मीठ खा म्हणून सांगतात, आणि तें योग्यच आहे. मग निदानाच्या हिशेबानें अर्धेच आयोडीन पदरांत पडलें. उरलेलें अर्धें समुद्राच्या मासळीनें, दुधादह्यानें व अंड्यांनीं भरून काढावयाचें. ज्यांच्या घरीं मासळी येत नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. आयोडीनयुक्त मीठ आणि रोजचें दूध-दहीं यांवर त्यांचीहि गरज भागते.

बांगड्याची निवड केवळ आयोडीनसाठीं केलेली नाहीं. थायरॉक्सीन हें बऱ्याच अंशीं साठ्याचें द्रव्य आहे. त्याच्या चार अणूंपैकीं एक काढून टाकल्यावर जें द्रव्य होतें तें खरें कामाचें. हा अणु काढणाऱ्या विकरांना सेलेनियम नांवाचें मूलद्रव्य लागतें, आणि समुद्राचे मासे हें सेलेनियमचें चांगलें भांडार आहे. शिवाय बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांच्या चरबींत ओमेगा-तीन वर्गांतील स्निग्ध आम्लें आणि ड जीवनसत्त्व असतें. ड जीवनसत्त्व हें नांवानें जीवनसत्त्व असलें तरी शरीरांत त्याचें जें अंतिम रूप होतें तें संप्रेरकाप्रमाणेंच वागतें. मांसल भागाच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें २० ग्रॅम प्रथिन मिळतें, तें वेगळेंच. इतकें सर्व असून हा मासा सुरमई-पापलेटाच्या मानानें स्वस्त. स्वस्त म्हणून पाहुण्यांपुढें बांगडा ठेवावयास संकोचणारीं घरें आहेत. त्यांनीं आपल्या संकोचाचा पुन्हा विचार करावा.

जमेची बाजू सांगितली, तशी मर्यादाहि सांगितली पाहिजे. शहरांतील मध्यम वर्गांत थायरॉईड मंद होण्याचें जें कारण वारंवार आढळतें, तें आयोडीनची उणीव हें नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते व ती हळूहळू निकामी होते. अशा वेळीं कितीहि बांगडे खाल्ले तरी ग्रंथि पूर्ववत् होत नाहीं. रक्तांतील टीएसएच तपासून घेणें, आणि डॉक्टरांनीं गोळी दिली तर ती सकाळीं उपाशीपोटीं, न्याहरीच्या अर्धा-पाऊण तास आधीं, नियमानें घेणें हाच उपाय. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घेऊं नयेत; मध्यें चार तासांचें अंतर असावें. "आतां आहार सुधारला आहे, गोळी कशाला?" असें म्हणून ती परस्पर बंद करणें हा या सर्व प्रकरणांतला सर्वांत घातक अविचार होय. दुसरा अविचार याच्या उलट टोंकाचा. आयोडीन चांगलें म्हणून समुद्री शेवाळाच्या वड्या विकत आणून खाण्याची टूम निघाली आहे. त्यांत आयोडीन कधीं कधीं गरजेच्या कित्येक पट असतें आणि त्यानेंच ग्रंथि बिघडूं शकते. मासळीच्या जेवणांत हा धोका जवळजवळ नाहीं. नारळाच्या तेलानें थायरॉईड जागी होते, ही समजूतहि अशीच; तिला आधार नाहीं. कालवणांत नारळ घालावयाचा तो चवीसाठीं.

बांगडा घेतांना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण हा मासा नाशवंत आहे. डोळा भरलेला व पाणीदार असावा, कल्ला उचलून पाहिल्यास आंत लाल दिसावा, अंग बोटानें दाबलें तर खळगा राहूं नये, आणि पोट फुटलेलें नसावें. मुंबईंत भाऊच्या धक्क्याजवळ राहणाराला ही परीक्षा सोपी आहे; पुण्याला गणेश पेठेंत मासळी बर्फांतून येते, तेथें कोळिणीशीं घासाघीस करण्यापेक्षां कल्ला उचलण्यांत वेळ घालविलेला बरा. थंडाव्याशिवाय राहिलेल्या बांगड्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें तोंड लाल होतें, अंगावर गांधी उठतात, डोकें दुखतें. आणि लोक मासा "बाधला" म्हणतात. हें द्रव्य एकदां तयार झालें कीं शिजविल्यानें जात नाहीं, तळल्यानेंहि जात नाहीं. म्हणून बाजारांतील बाकीची खरेदी आधीं आटपावी, बांगडे सर्वांत शेवटीं घ्यावे, आणि मग वाटेंत गप्पा मारीत उभें राहूं नये.

चार माणसांना पांच मध्यम बांगडे घ्यावे. पांचवा कशासाठीं, तें पुढें येईल. पर व कल्ले काढून, पोट साफ करून, मासे दोनतीन पाण्यांनीं धुवावे, प्रत्येकाचे दोन तुकडे करावे आणि त्यांना चमचाभर हळद चोळून ठेवावें. आठ-दहा तिरफळें घेऊन त्यांतील काळें बी काढून टाकावें. सालच तेवढी कामाची. ती किंचित् ठेंचून दोन चमचे पाण्यांत भिजत घालावी. तिरफळ वाटणांत घालून वाटूं नये. वाटलें कीं कालवणास कडवटपणा येतो. अर्ध्या नारळाचा चव, भिजवलेल्या आठ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि अर्धा चमचा हळद यांचें गंधासारखें मऊ वाटण करावें. पाटा-वरवंटा असल्यास उत्तम. नसल्यास यंत्रावरहि चालतें, मात्र घाईनें भरड ठेवूं नये. या कालवणांत कांदा नाहीं व लसूणहि नाहीं. तिरफळाचा वास नाजूक नसला तरी मानी आहे. दुसऱ्या उग्र वासाची संगत त्याला सोसत नाहीं.

पसरट पातेल्यांत, किंवा मातीची हांडी असेल तर तींत, वाटण व अडीच वाट्या पाणी एकत्र करून मध्यम आंचेवर ठेवावें. पांच-सहा आमसुलें आणि तिरफळें पाण्यासकट घालावीं. चांगली उकळी फुटून वाटणाचा कच्चा वास गेला म्हणजे आंच मंद करून तुकडे एकेक करून सोडावे. येथून पुढें डावाचें काम संपलें. डाव फिरविला कीं बांगडा मोडतो. त्याऐवजीं पातेलें दोन्हीं कडांना धरून हलकेच हिसळावें. आठ-दहा मिनिटांत मासा शिजतो. कांट्याजवळचें मांस पांढरें दिसूं लागलें कीं झाला. त्यापुढें शिजविणें म्हणजे तो कोरडा करणें. मीठ या शेवटच्या टप्प्यांत घालावें, कारण फार वेळ उकळल्यानें मिठांतील आयोडीन कांहीं अंशीं वाया जातें. त्याच कारणास्तव मिठाची बरणी घट्ट झांकणाची असावी व ती चुलीच्या शेजारीं, वाफेंत, ठेवूं नये. कालवण उतरविल्यावर वरून चमचाभर कच्चें खोबरेल घालून झांकण ठेवावें आणि दहा मिनिटें हात लावूं नये. फोडणी नाहीं.

बांगडा तळून खाणारांचा पक्ष मोठा आहे, आणि रव्यांत घोळविलेल्या बांगड्याच्या चवीविषयीं वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. पण भरपूर तेलांत तळतांना माशाची स्वतःची चरबी कांहीं प्रमाणांत कढईंत उतरते व तिच्या जागीं कढईंतलें तेल शिरतें. रश्शाचें तसें नाहीं. शिजतांना माशांतून जें आयोडीन पाण्यांत उतरतें तें रश्शांतच राहतें, आणि रस्सा भातावर घेऊन संपविला जातो. म्हणजे जुन्या पद्धतींत कांहीं फुकट जात नाहीं.

भाताविषयीं दोन शब्द पुरेत. भातानें रक्तांतील साखर वाढते आणि ती आवरावयास स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावें लागतें. जेवणास आरंभ पालेभाजीनें व माशाच्या तुकड्यानें करून भात मागाहून घेतला, तर ही चढ बरीच सौम्य होते. भात उकड्या तांदळाचा असल्यास अधिक चांगलें. पालेभाजी तांबड्या माठाची करावी. कोबी-नवलकोलानें थायरॉईड बिघडते अशी धास्ती पुष्कळांनीं घेतली आहे. पण आयोडीन पुरेसें मिळत असेल तर शिजविलेल्या कोबीची भीति नको. सोलकढींत पुन्हा नारळ येतो, आणि कालवणांत तो अर्धा गेलेलाच आहे. ज्याला वजन आवरावयाचें त्यानें नुसत्या आमसुलाच्या पाण्यांत जिरें-मीठ घालून घ्यावें.

आतां पांचव्या बांगड्याकडे वळावयाचें. घरांत माणसें चार. पण पंगत बसते तिघांची, आणि चौथी वाढीत असते. पुरुषांना मधले तुकडे, मुलांना कांटे काढून पोटाचा भाग, कोणी "आणखी एक" म्हटलें तर आणखी एक; आणि शेवटीं पातेल्याच्या तळाशीं डोकें, शेपटी व रस्सा घेऊन ती जेवावयास बसते. शिकलेल्या घरांतूनहि हा प्रकार पुरता गेलेला नाहीं. आणि थायरॉईडचे विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षां कित्येक पट अधिक. गरोदरपणीं आयोडीनची गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. अंगावर पाजीत असतांनाहि तितकीच राहते. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथि काम करीत नसते, आणि त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सीनवर चालते. तेथें जी उणीव राहील ती पुढें शाळेंत कितीहि उत्तम शिक्षक मिळाला तरी भरून निघत नाहीं. ज्या बाईच्या मंदपणाला घरांत आळस म्हणतात, तिच्या रक्ताची तपासणी एकदां तरी व्हावी, आणि तिच्या पानांत मधला तुकडा पहिल्या वाढीलाच पडावा. पांचवा बांगडा तिच्या नांवानें बाजूला काढून ठेवलेला असला म्हणजे "आणखी एक" मागणाराचा हात तेथपर्यंत जात नाहीं. गरोदर स्त्रीनें मोरीसारखे व फार मोठ्या सुरमईसारखे मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे टाळावे, कारण त्यांच्या अंगांत पारा सांठतो. बांगडा, तारली, कोळंबी यांना ही हरकत नाहीं. आठवड्यांतून दोनदां त्यांचें जेवण करावें.

पांच बांगडे असले म्हणजे कधीं एखादा तुकडा उरतोहि. उरलेलें कालवण रात्रभर ओट्यावर राहूं देऊं नये. गार होतांच झांकून शीतकपाटांत ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं लागेल तेवढेंच काढून त्याला खणखणीत उकळी आणावी. एव्हांना तिरफळ रश्शांत पुरतें मुरलेलें असतें, आणि भाताचें माप आदल्या रात्रीपेक्षां थोडें जास्तच घ्यावें लागतें.